क्ष मानू

संध्याकाळच्या वर्गात सगळ्यात म्हातारा हेल्दुर.
एकतीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनाशी बोलला,
आता निवृत्त. नखांत अजून ग्रीस,
डब्यात राय ब्रेड आणि धुरावलेला मासा,
त्यामुळे तीन नंबरच्या कीबोर्डला
सारेमा बेटाचा वास कायमचा.

पहिल्या दिवशी त्यानं सरळ टाइप केलं: क्ष अधिक क्ष.
यंत्र म्हणालं, क्ष कोण? ओळखत नाही.
"शाळेत तर ओळखायचे."
शाळेत आपण नुसतं मानायचो, हेल्दुर.
क्ष मानू, म्हटलं की क्ष असायचा,
खडू टेकला तिथे जन्मायचा,
दाखला कुणी मागत नव्हतं.
इथे आधी नाव नोंदवावं लागतं.

त्यानं नोंदवलं. एका बोटानं,
पत्र्यात रिव्हेट ठोकावा तसं.
"आता ह्यात काय आहे?"
काही नाही.
"म्हणजे रिकामा डबा."
डबाही नाही. डब्यात काहीतरी ठेवायचं राहिलेलं असतं,
ह्याचं काही राहिलेलं नाही.
हा नुसता क्ष. विचारलंस तर तेवढंच सांगेल.

तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला.
बंदर गोठलेलं, दिव्याखाली बर्फ पिवळा.
मानला तर देव, नाहीतर धोंडा.
आमच्या किनाऱ्यावर धोंडेच फार,
हिमनदीनं कुठून कुठून आणून टाकलेले,
आणि एकालाही अजून कुणी काही मानलेलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्याचं यंत्राशी भांडण झालं.
क्षचा वर्ग केला, मग त्याचं वर्गमूळ.
गेलास तसा परत ये, एवढंच मागणं.
यंत्र ढिम्म. मुळाच्या छपराखाली वर्ग तसाच बसून.
मी म्हटलं, त्याला कुठे ठाऊक आहे क्ष धन की ऋण,
की तिसरंच काही? वर्ग केला की चिन्ह पुसलं जातं.
तू सांगितलं नाहीस, ते गृहीत धरत नाही.
"मग आमच्या कप्तानापेक्षा शहाणं आहे."
आणि त्यानं नव्यानं लिहिलं: क्ष, धन.
छप्पर उडालं. क्ष बाहेर आला, कोरडा ठणठणीत.

खुशीत येऊन त्यानं
जुन्या क्षमधून नवा क्ष वजा केला.
पडद्यावर उमटलं:

क्ष − क्ष

बस. शून्य नाही.
पुन्हा करून पाहिलं. क्ष वजा क्ष.

चूक माझीच, आधी सांगायला हवं होतं.
पहिल्याबद्दल काहीच ठरलेलं नव्हतं,
दुसऱ्याला तू धन म्हणालास.
दिसायला सारखे, पण यंत्राच्या लेखी दोघे वेगळे,
एकमेकांना खोडत नाहीत.
मी ओळ पुसायला हात पुढे केला.

"राहू दे," तो म्हणाला.
मग पडद्याकडेच बघत:
"माझ्या आधी एक हेल्दुर होता.
अकरा महिन्यांचा. डांग्या खोकला.
आई अंगणातून हाक मारायची,
मी धावत जायचो.
कधीकधी ती माझ्याकडे बघतच नसायची."

रेडिएटर टकटकला. मागच्या बाकावरची मारेट
उगाचच वहीची पानं उलटत राहिली.
मला काही सुचलं असतं तर बोलले असते.

शेवटची बस पावणेदहाची.
एकेक यंत्र बंद करत तीन नंबरशी आले.
फाइल ठेवायची का, ते विचारत होतं,
आणि कोणत्या नावानं.
हेल्दुरनं कानांवर टोपी ओढली, डबा काखेत धरला.
"तूच दे एखादं," म्हणाला,
"आधी कुणाचं नसलेलं."

मी नुसती तारीख टाकली.